पाचवं काडतूस

डॉ. विल्डा क्रँट्झ ऑफिसात आल्या, पण खुर्चीत बसल्या नाहीत. गुरांच्या डॉक्टर, साठी ओलांडलेल्या, हातांवर जुन्या ओरखड्यांच्या रेघा. रबरी बुटांना कुठल्या तरी गोठ्यातला चिखल अजून ओला होता.

“रविवारी क्लबच्या सभेत मी उभं राहून चूक कबूल करायची, असं ठरलंय,” त्या म्हणाल्या. “मी उभी राहणार आहे. कबूल मात्र काही करणार नाही. तुम्ही मला एवढंच शोधून द्या, की नेमकं काय झालं.”

लाइल टकेटच्या हातातला रश्श्यात बुडवलेला पाव तसाच राहिला. शेरीफच्या पोलीस खात्यात त्याने उभी हयात काढली होती. ‘मी काही केलं नाही’ हे त्याने शेकडो तोंडांतून ऐकलं होतं, पण ते कुणी असं दम दिल्यासारखं सांगितलं नव्हतं.

मायते उरिआर्तेने खिडकी लावून घेतली. खाली तिच्या मामाची बास्क, म्हणजे स्पेनकडच्या जेवणाची खानावळ होती आणि दुपारच्या वेळी तिथला गोंगाट थेट वर यायचा. मायते ही लाइलची वहिनी. भाऊ गेल्यावर दोघांनी मिळून बॉइसी शहरात ही खाजगी तपासाची कचेरी चालवली होती. डोकं तिचं, गाडी त्याची.

“पहिल्यापासून सांगा, डॉक्टर.”

डॉक्टरांनी सांगितलं. कॉटर्स बेंड गावचा पिस्तूल क्लब. गेल्या शनिवारी स्पर्धा होती. सभासद हॉलिस प्रुएट हा खोगिरं शिवणारा कारागीर. त्याचं पिस्तूल महिनाभर त्रास देत होतं. बार झाला की रिकामी पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी वरच्या खिडकीतच उभी अडकायची.

“पिस्तूल आजारी नव्हतं, उपाशी होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “काडतुसात दारू कमी पडली की वरची स्लाइड पूर्ण मागे जात नाही, मग पुंगळी चिमटीत सापडते. हॉलिसची काडतुसं ऑरिन फास्क भरून देतो. ऑरिन म्हणजे आमचा अध्यक्ष. तीस वर्षं तोच सगळ्यांना काडतुसं भरायला शिकवतोय. त्याचा मंत्र एकच. दारू कमी करा, झटका कमी बसेल, नेम लागेल. मी म्हणते, झटका सोसायला शिका. आमचं यावर कधीच पटलं नाही.”

“मग हॉलिस तुमच्याकडे आला.”

“शनिवारी सकाळी, सगळ्यांदेखत. म्हणाला, डॉक्टर, आज तुमची काडतुसं वापरून बघतो. मी पन्नासाचा नवा डबा दिला. शेवटच्या, झटपट फेरीत पिस्तूल त्याच्या हातात फुटलं. काडतुसं भरायचं मॅगझिन मुठीखालून उडालं, मूठ तडकली. उजव्या हाताची दोन बोटं मोडली, तळवा फाटला. ऑरिन तिथल्या तिथे म्हणाला, विल्डाने एका पुंगळीत दोनदा दारू ओतली. सगळ्यांना पटलं.”

“तुमचा राग क्लबवर आहे?”

“क्लब गेला खड्ड्यात. लोक म्हणायला लागलेत, जिला बंदुकीची दारू मोजता येत नाही, तिला औषध काय मोजता येणार. परवा शेजारच्याच रँचवर गाय अडली होती. त्यांनी मला न बोलावता दुसऱ्या गावचा डॉक्टर आणवला. तो येईपर्यंत वासरू गेलं.” त्यांनी बुटावरचा चिखल दुसऱ्या टाचेने खरवडला. “ते वासरू मी काढलं असतं.”

मायतेने पर्स उचलली. “चल लाइल. पाव गाडीत खा.”

*

डॉक्टरांची काडतुसं भरायची खोली गोठ्यामागे होती. भिंतीला लावलेलं हाताने ओढायचं प्रेस, काटा, दिवा. शिशाच्या गोळ्या त्या स्वतः ओतत. गोळीच्या खाचेत मेणाचं वंगण असे, आणि ते गडद हिरवं होतं.

“मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा रंगीत खडू त्यात वितळवते,” त्या म्हणाल्या. “घरात पडलेलाच असतो.”

“दोनदा दारू पडणं शक्य आहे?” लाइलने विचारलं. त्याच्या मनात उत्तर ठरलेलं होतं. माणसाच्या हातून चूक होतेच.

डॉक्टरांनी एक रिकामी पुंगळी त्याच्यापुढे ठेवली. “माझी दारू फुगीर आहे. एका मापात अर्ध्याहून जास्त भरते. आता तुम्हीच दुसरं माप ओता.”

लाइलने ओतलं. दारू काठावरून उतू जाऊन टेबलावर सांडली. वर गोळी बसायला जागाच राहिली नव्हती.

“मग पिस्तूल कशाने फुटलं?” तो कोरड्या आवाजात म्हणाला.

“ते शोधायलाच तुम्हाला आणलंय,” डॉक्टर म्हणाल्या.

*

क्लबच्या रेंजवर, नेमबाजीच्या मैदानात, टेट लुंडीन निशाण्यांच्या भोकांवर कागदी चकत्या चिकटवत होता. स्पर्धेत गोळीबाराचे हुकूम देण्याचं काम त्याचं. डॉक्टरांचं नाव निघताच त्याने थुंकी टाकली.

“माझी घोडी त्या बाईने मारली. सुईने. पाय मोडला होता, पण जगली असती. मी त्या बाईशी बोलत नाही.”

“आमच्याशी बोला,” मायते म्हणाली. “झटपट फेरीत तुम्ही हॉलिसच्या मागेच उभे होतात.”

“होतो. पाच बार, दहा सेकंदांत. त्याचे दोन छान गेले. मग नुसतं फुस्स झालं. कागदाची पिशवी फुटावी तसं. हॉलिसने शिवी हासडली, स्लाइड हाताने मागे ओढली आणि पुन्हा चाप दाबला. मी ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर ते फुटलं होतं.”

“त्याच्या कागदावर भोकं किती होती?”

“दोन. फेरीआधीच नवा कागद लावला होता.”

“हे समितीला सांगितलंत?”

“कुणी विचारलं नाही. आणि मी त्या बाईची वकिली कशाला करू?” टेट पुन्हा चकत्यांकडे वळला. जरा थांबून म्हणाला, “पण फुस्स झालं. हे खोटं नाही.”

गाडीत बसल्यावर लाइलने स्टिअरिंगवर हात आपटला. “हाच तो. सगळे कागद बदलायला जातात तेव्हा डबे टेबलावर उघडे पडलेले असतात. हा तिथून एकटा फिरतो. घोडीचा सूड म्हणून डॉक्टरांच्या डब्यात एक खराब काडतूस टाकलं.”

“आणि मग फुस्स झाल्याचं आपण होऊन आपल्याला सांगितलं?” मायते म्हणाली. “सूड घेणारा माणूस ‘दोनदा दारू पडली’ हेच खरं म्हणत बसला असता. तू गाडी चालव.”

*

ऑरिन फास्कने दोघांना रानबेरी घातलेला केक आणि कॉफी दिली. उंच, पांढऱ्या मिशीचा, मऊ बोलणारा माणूस. त्याची काम करायची जागा दवाखान्यासारखी चकचकीत होती. फळीवर गोळ्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या खाचेत निळं वंगण.

लाइलने एक उचलून पाहिली. अंगठा निळा झाला. त्याने तो पँटला पुसला.

“ते निळं माझं स्वतःचं मिश्रण आहे,” ऑरिन हसला. “क्लबात दुसऱ्या कुणाकडे नाही. उद्या कुणी माझा माल आपला म्हणून मिरवू नये.”

“हॉलिसचं पिस्तूल तुम्ही दुरुस्त केलं होतं?”

“आठवडाभर माझ्याकडेच होतं. कोरडं पडलं होतं बिचारं. स्प्रिंग हलकी केली, गंज सोडवायच्या तेलात सगळं न्हाऊ घातलं. मॅगझिनंसुद्धा. शनिवारी सकाळी पिशवी परत दिली. आणि लगेच त्याने विल्डाकडे डबा मागितला.” ऑरिनने कपाखालची बशी सरळ केली. “असो. ज्याची त्याची मर्जी.”

“तो डबा आता कुठे आहे?”

“इथे, कुलपात. दहा काडतुसं आम्ही समितीपुढे उघडून पाहिली. दहाही चोख निघाली. उरलेली वीस प्रयोगशाळेत पाठवायची आहेत. विल्डाचा हात चांगला आहे हो. पण एकदाच चुकला आणि हॉलिसचा हात गेला.”

“आणि पिस्तूल?”

“तेही कुलपात. सभेआधी कुणी हात लावायचा नाही, असं ठरलंय.”

“मॅगझिन?”

“गवतात उडालं. जूनीला विचारलं मी, हॉलिसच्या बायकोला. तिला मिळालं नाही म्हणते.” ऑरिन उठला. “आणखी कॉफी?”

परतताना लाइल म्हणाला, “चांगला माणूस आहे.”

“केक चांगला होता,” मायते म्हणाली.

*

हॉलिस पडवीत बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. मागे अर्धवट शिवलेलं खोगीर लाकडी घोड्यावर तसंच पडलं होतं.

“डॉक्टरांवर माझा राग नाही,” तो म्हणाला. “चूक कुणाच्याही हातून होते.”

“तुम्ही सगळी काडतुसं त्यांच्याच डब्यातली वापरलीत?”

“सगळी. सावकाश फेरीची दहा, वेळेच्या फेरीची दहा. पाच-पाच भरत होतो, एकाच मॅगझिनमध्ये. मग ते हातातून निसटून वाळूत पडलं. म्हणून झटपट फेरीला पिशवीतलं दुसरं काढलं. भरायलाही लागलं नाही, भरलेलंच होतं. सकाळी मीच भरून ठेवलं असणार.”

“आठवतं भरल्याचं?”

हॉलिसने कपाळाला आठ्या घातल्या. “स्पर्धेच्या सकाळी कुणाला काय आठवतं.”

जूनी प्रुएट दारात उभी होती. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. मायतेने तिच्याकडे वळून सरळ विचारलं, “मॅगझिन कुठे आहे?”

“ऑरिनला सांगितलं, नाही सापडलं.”

“ऑरिनला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.”

जूनी दारातून पुढे आली. “हॉस्पिटलातले डॉक्टर माझ्या नवऱ्याचा हात शिवत होते, तेव्हा ऑरिनचा तिथे फोन आला. हॉलिस कसा आहे, हे नाही विचारलं. मॅगझिन दिसलं का, हे विचारलं. घरी आलो, तर पुन्हा फोन. तेव्हाच ठरवलं, या माणसाला ते द्यायचं नाही. कशाला हवंय ते मला ठाऊक नव्हतं. पण द्यायचं नाही.”

ती आत जाऊन चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आली. मॅगझिन एका बाजूने फुगलं होतं. पत्र्याच्या ओठांत एक काडतूस वाकडं होऊन पक्कं रुतलं होतं. लाइलने नाक जवळ नेलं. गंज सोडवायच्या तेलाचा वास अजून येत होता.

“हे उघडायचं का?” त्याने विचारलं.

“रविवारी,” मायते म्हणाली. “सगळ्यांदेखत.”

*

सभेला क्लबची लाकडी खोली भरली होती. ऑरिन टेबलामागे बसला होता. समोर डॉक्टर क्रँट्झ, गोठ्यातल्याच कपड्यांत.

“विल्डा, तुला काही बोलायचंय?” ऑरिनने मऊपणे विचारलं.

त्या उभ्या राहिल्या. “मी चुकले नाही. बाकी या बाई बोलतील.” त्या उभ्याच राहिल्या.

“बाहेरच्या माणसाला इथे,” कुणीतरी सुरू केलं.

“बोलू दे तिला,” मागून टेट लुंडीन म्हणाला.

मायते पुढे आली. “पहिली गोष्ट. तुम्ही म्हणता, दारू दुप्पट झाली. डॉक्टरांची दारू दुप्पट ओतली तर पुंगळीबाहेर सांडते, गोळी बसत नाही. इथे काडतुसं भरणारे आहेत, घरी करून बघा. म्हणजे दुप्पट झाली नाही. मग पिस्तूल फुटलं कशाने? टेट, तुम्ही काय ऐकलं?”

टेटने सांगितलं. दोन बार, एक फुस्स, हाताने ओढलेली स्लाइड, मग स्फोट. खोलीत कुजबुज झाली. काही चेहऱ्यांवर उत्तर आधीच उमटलं होतं.

“फुस्स म्हणजे दारू कमी, किंवा पेटलीच नाही,” मायते म्हणाली. “पुंगळीच्या बुडातली टोपी तेवढी उडाली. तिच्या जोरावर गोळी नळीत शिरली आणि तिथेच अडकली. हॉलिसला दहा सेकंदांची घाई. त्याने दुसरी गोळी तिच्यामागे झाडली. वाट बंद, म्हणून दाब उलटा फिरला. कागदावर दोनच भोकं का? कारण दोनच गोळ्या बाहेर आल्या. दारू जास्त होती म्हणून पिस्तूल फुटलं नाही. कमी होती म्हणून फुटलं.”

“तरी काडतूस विल्डाचंच ना,” पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला.

“आता ते बघू. हॉलिसने दोन फेऱ्यांत डॉक्टरांची वीस काडतुसं उडवली. झटपट फेरीचीही पाच त्याच डब्यातली असती, तर पन्नासांतली उरायला हवी होती पंचवीस. मिस्टर फास्क, समितीने किती उघडली?”

“दहा,” ऑरिन म्हणाला.

“आणि कपाटात किती आहेत?”

ऑरिनचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

“वीस. तुम्हीच सांगितलंत. दहा आणि वीस तीस. डॉक्टरांची पाच काडतुसं डब्यातून बाहेर निघालीच नाहीत. मग झटपट फेरीत हॉलिसच्या पिस्तुलात कुणाची पाच होती?” ती थांबली. “हॉलिस म्हणतो, दुसरं मॅगझिन पिशवीतून काढलं तेव्हा भरलेलंच होतं. त्याला वाटलं, आपणच भरलं. त्याने भरलं नव्हतं. ते भरूनच परत आलं होतं. ज्याच्याकडे पिस्तूल आठवडाभर होतं, त्याच्याकडून.”

लाइलचा हात नकळत पँटवरच्या निळ्या डागाकडे गेला. ऑरिनच्या घरापासून तो डाग त्याच्या मांडीवर होता आणि त्याने एकदाही विचार केला नव्हता.

मायतेने चामड्याची गुंडाळी टेबलावर उघडली.

“दोन चांगले, एक फुस्स, एक फुटलेलं. हे पाचवं,” मायते म्हणाली. “आधीच सांगते, आत काय सापडेल. गोळीच्या खाचेत हिरवं नाही, निळं वंगण. दारू नेहमीपेक्षा कमी, आणि तेलाने ओली होऊन चिकटलेली. तेलात भिजलेल्या मॅगझिनमध्ये काडतुसं दिवसचे दिवस पडून राहिली. तेल टोपीच्या फटीतून आत झिरपलं. डॉक्टरांचा डबा तर हॉलिसला त्या सकाळी मिळाला. तेवढ्यात तेल आत शिरत नाही. टेट, तुम्ही उघडा. डॉक्टरांचे तुम्ही मित्र नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

टेटने पक्कडीने काडतूस सोडवलं, काडतुसं सुटी करायच्या पोकळ हातोड्यात घातलं आणि ओंडक्यावर ठोकलं. गोळी निसटली. त्याने ती उचलून दिव्यापाशी धरली.

“निळं,” तो म्हणाला. मग पुंगळी पांढऱ्या कागदावर उलटी केली. दारू सांडली नाही. काडीने टोकरल्यावर काळपट गोळा खाली पडला, चिमूटभर.

मग ऑरिनने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“नळी बघायची गरज नाही,” तो म्हणाला. “दोन गोळ्या आहेत आत. मी त्याच रात्री पाहिल्या.” त्याने किल्ली पुढे सरकवली. “हलकी स्प्रिंग, त्याहून हलकी दारू. पाच माझ्याकडे झाडून पाहिली, मस्त चालली. पाच हॉलिससाठी भरून ठेवली. सांगणारच होतो त्याला. पण त्याने सगळ्यांदेखत तिच्याकडे डबा मागितला. मग नाही सांगितलं. तीस वर्षं शिकवतोय मी. एकाच्याही नखाला कधी धक्का लागला नाही. ते फुस्स ऐकलं, तेव्हाच कळलं होतं. तोंडून विल्डाचं नाव निघालं. एकदा निघालं ते निघालं.”

पुढच्या रांगेतला माणूस घसा खाकरून उठला. “मला वाटतं, हे क्लबमध्येच राहावं. ऑरिन अध्यक्षपद सोडेल. डॉक्टरांवरचा आरोप आपण मागे घेऊ. बाहेर गाजावाजा झाला तर रेंजच बंद पडेल.”

“नाही,” डॉक्टर क्रँट्झ म्हणाल्या. त्या अजूनही उभ्याच होत्या. “माझं नाव तुम्ही चर्चच्या पायऱ्यांवर घेतलंत, धान्याच्या दुकानात घेतलंत. हेही तिथेच जाईल. आणि आधी हॉलिसकडे. ऊठ ऑरिन. गाडीत बस.”

“आत्ता?”

“मग कधी?”

*

डॉक्टरांच्या पिकअपमध्ये गुरांच्या औषधांचा वास होता. ऑरिन शेजारी बसला. लाइल आणि मायते मागून आपल्या गाडीने गेले. टेटही आला. का, हे त्याने सांगितलं नाही.

हॉलिसने सगळं पडवीतच ऐकून घेतलं. ऑरिन पायरीखाली उभा होता, टोपी हातात. बोलून झाल्यावर तो तसाच थांबला.

“डॉक्टर,” हॉलिस आधी तिकडे वळला, “चूक कुणाच्याही हातून होते, असं मी म्हणालो होतो. तुमच्याकडून झालीच नव्हती. ते मी न विचारता मानलं.”

“मानलंस,” डॉक्टर म्हणाल्या. “पुन्हा मानू नकोस.”

मग हॉलिस ऑरिनकडे वळला. “शरद ऋतूपर्यंत हे खोगीर द्यायचंय. टाका ओढायला दोन हात लागतात. माझा एक आहे. उद्या सकाळी सहाला ये. मी सांगेन तसं ओढायचं. हात बरा होईपर्यंत, रोज.”

ऑरिनने मान हलवली.

“डबा घरून आणायचा,” जूनी म्हणाली. “माझ्या टेबलावर तुला जेवण नाही.” तिने जाळीचं दार डॉक्टरांसाठी उघडून धरलं. “तुम्ही या. मक्याची भाकर गरम आहे.”

डॉक्टर पायऱ्या चढू लागल्या. टेट फाटकाशीच उभा होता. त्याने घसा साफ केला.

“शनिवारी सराव आहे,” तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला. “परत येणार का, डॉक्टर?”

त्या पायरीवर थांबल्या.

“परत?” त्या म्हणाल्या. “मी गेलेच कुठे होते?”